अर्धी मजुरी, पुरा कर

साम्राज्यांचे इतिहास बहुधा लढाया व तह यांच्या आधारें लिहिले जातात. मजुरीच्या दरांवरून ते वाचण्याची संवय आपणांस नाहीं. परंतु वर्णभेद व स्त्रीपुरुषभेद हे जगाच्या व्यापारांत कसे मुरले हें पाहावयाचें असेल, तर मोठमोठ्या ग्रंथांपेक्षां उसाच्या मळ्यांवरील पगारवही अधिक बोलकी ठरेल, असें आम्हांस वाटतें. दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतीचें उदाहरण आम्ही त्याकरितांच घेत आहों.

ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी १८३३ च्या कायद्यानें बंद झाली. त्या वेळीं दोन कोटि पौंड नुकसानभरपाई देण्यांत आली. ती गुलामांस नव्हे, त्यांच्या धन्यांस! साखरेचा खप मात्र कांहीं थांबला नव्हता. मळ्यांना राबणारे हात हवे होते, आणि ते हिंदुस्थानांतून पांच वर्षांच्या करारावर नेण्याची रीत मॉरिशस बेटांत १८३४ पासून रूढ झाली. या ‘ॲग्रीमेंट’ला मजुरांनीं आपल्या तोंडीं ‘गिरमिट’ केलें. नाताळांत मद्रासहून ‘ट्रूरो’ हें पहिलें जहाज नोव्हेंबर १८६० मध्यें डर्बनला लागलें, आणि १९११ पर्यंत सुमारें १,५२,००० माणसें तेथें गेलीं. तेथील मूळच्या झुलू लोकांजवळ जमीन व गुरें होतीं. मळेवाला देईल त्या दरानें राबण्याची गरज त्यांस नव्हती. समुद्रापलीकडून आणलेला व कराराने बांधलेला मजूर म्हणूनच सोयीचा वाटला.

मळेवाल्यांना खरें पाहतां पुरुषच हवे होते. दर शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया नेल्या पाहिजेत, हा नियम सरकारनें घातलेला. आल्याच आहेत तर स्त्रियांनाहि कामास लावावयाचें, पण मजुरी अर्धी द्यावयाची, असा मळेवाल्यांनीं हिशेब बसविला. पुरुषास पहिल्या वर्षीं महिना दहा शिलिंग व पुढें दरसाल एकेक शिलिंग वाढ, म्हणजे पांचव्या वर्षीं चौदा. स्त्रीस पांचापासून सातांपर्यंत.

आतां पगारवही मिटून करवही उघडूं. करार संपलेले हिंदी लोक शेतीभाती व व्यापार करून तेथेंच स्थायिक होऊं लागले, तें गोऱ्या वसाहतवाल्यांच्या डोळ्यांत सलूं लागलें. अशा हिंदी माणसावर वार्षिक पंचवीस पौंडांचा कर बसवावा असा त्यांचा मूळ बेत होता. व्हॉइसरॉय लॉर्ड एल्जिन यांनीं तीन पौंडांस संमति दिली, आणि १८९५ त तसा कायदा झाला. पुन्हा गिरमिट पत्करा, मायदेशीं परत जा, नाहीं तर कर भरा, असा त्याचा अर्थ. हा कर सोळा वर्षांवरील पुरुषांवर व तेरा वर्षांवरील मुलींवरहि लागू होता, आणि दोघांस सारखाच होता. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. गिरमिटाच्या शेवटच्या वर्षाचा दर मापास घेतला, तर पुरुषाची सव्वाचार महिन्यांची कमाई यांत जाई. स्त्रीची साडेआठ महिन्यांची.

एकाच बाईस मजुरी मोजतांना ‘ही स्त्री’ म्हणून अर्धें मोजावयाचें, आणि कर घेतांना ‘ही हिंदी’ म्हणून पुरें घ्यावयाचें, हा या व्यवस्थेचा गाभा होय. वर्णभेद व लिंगभेद हीं दोन निराळीं दुःखें समजण्याचा आपला प्रघात आहे. येथें तीं एकाच खात्यावर, एक जमेच्या व एक खर्चाच्या बाजूस, मांडलेलीं दिसतात.

पुढें मार्च १९१३ मध्यें केपच्या वरिष्ठ न्यायालयानें जो निवाडा दिला, त्यानें ख्रिस्ती विधीनें न झालेले हिंदी विवाह कायद्याच्या दृष्टीनें धोक्यांत आले. तेव्हां स्त्रियाहि सत्याग्रहांत उतरल्या. कस्तुरबा तुरुंगांत गेल्या. ट्रान्सवालमधील तामिळ स्त्रियांनीं न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर जाऊन गिरमिटी मजुरांस संपाची हांक दिली. सोळा वर्षांची वळ्ळियम्मा तुरुंगांतून तापानें फणफणत सुटली ती फेब्रुवारी १९१४ मध्यें वारली. त्याच वर्षींच्या कायद्यानें तीन पौंडांचा कर गेला व विवाहांस मान्यता मिळाली.

अर्ध्या मजुरीचें काय झालें? ती सत्याग्रहाच्या मागण्यांत नव्हती. नामदार गोखल्यांनीं १९१० त नाताळसाठीं होणारी मजूरभरती थांबविण्याचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळांत संमत करून घेतला, व १९१२ त गिरमिटाची पद्धतच बंद करण्याचा ठराव आणला. त्यांच्या थोर कार्याविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. तथापि त्या चळवळींत स्त्रीच्या अब्रूविषयीं जितकी कळकळ दिसते, तितकी तिच्या पगाराविषयीं दिसत नाहीं. शीलाचा प्रश्न साऱ्या देशास आपला वाटला. पांच शिलिंगांचा प्रश्न कोणाचाच झाला नाहीं. याचें कारण उघड आहे. बाईला पुरुषाहून कमी मजुरी देण्याची चाल आमच्या शिवारांतहि होतीच. ती गोऱ्या मळेवाल्यानें पाळली, तर अन्याय म्हणून आमच्या डोळ्यांत कशी भरावी?

समान मोलाच्या कामास स्त्रीपुरुषांना समान वेतन, हा आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा करार १९५१ सालचा. हिंदुस्थाननें तो १९५८ त मान्य केला. म्हणजे कर उठल्यापासून हा करार होण्यास सदतीस वर्षें लागलीं. परक्याच्या वहींतील लबाडी आपण लवकर ओळखतों. तीच नोंद आपल्या वहींत असली म्हणजे तिला रीत म्हणतों, आणि रीतीविरुद्ध सत्याग्रह करण्याची बुद्धि सहसा होत नाहीं.