बालप्रजासत्ताकांतील नाणे

शाळेच्या आनंद मेळाव्यात मुले भेळ, सरबत, उकडलेली कणसे विकतात आणि संध्याकाळी गल्ला मोजतात, तेव्हा आपल्याला त्यांचे कौतुक वाटते. आमच्या पिढीच्या शाळांत संचयिका होती. ठरलेल्या दिवशी चार-आठ आणे भरायचे आणि पासबुकात नोंद करून घ्यायची. वर्गातलेच एखादे गंभीर चेहऱ्याचे पोर बँकेचा कारकून होई. त्यातून काटकसर शिकता आली नाही असे नाही. पण ते चार आणे वडिलांच्या खिशातले असत आणि मेळाव्यात उरलेली भेळ शेवटी आईच विकत घेई. पैसा स्वतः कमावण्याचा आणि तो संपल्यावर उपाशी राहण्याची पाळी येण्याचा अनुभव त्यात नव्हता.

हा अनुभव मुलांना द्यावा, आणि तोही बाहेरच्या जगापासून वेगळ्या, त्यांच्याच एका छोट्या राज्यात द्यावा, असे प्रयत्न गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत काही ठिकाणी झाले. तिथे मुलांचे स्वतःचे चलन होते, मजुरी होती, दुकाने होती, करही होते. अशा प्रत्येक राज्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले : जे मूल कमावत नाही, त्याच्या ताटाचे काय?

अमेरिकेतील विल्यम जॉर्ज हा मूळचा न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्याकडचा, पण न्यूयॉर्क शहरात व्यवसाय करणारा गृहस्थ. तेथील गरीब वस्त्यांतील मुलांना उन्हाळ्यात मोकळी हवा मिळावी म्हणून 1890 पासून तो त्यांना आपल्या गावाजवळच्या फ्रीव्हिल येथे घेऊन जाऊ लागला. दात्यांच्या मदतीने खाणेपिणे आणि परतताना कपड्यांची गाठोडी असा तो उपक्रम होता. दोनतीन वर्षांतच जॉर्जच्या लक्षात एक विपरीत गोष्ट आली. मुलांना हवापाण्यापेक्षा गाठोड्याची ओढ अधिक होती. आपल्याला किती कपडे मिळाले, शेजारच्याला किती, यावर कुरबुरी होत. पुढे पालकही त्यात सामील झाले. दानधर्म करणाऱ्या कोणत्याही संस्थेतील कार्यकर्त्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही! आपण उपकार करता करता भिकारी घडवीत आहोत, या जाणिवेने जॉर्ज अस्वस्थ झाला. 1894 च्या उन्हाळ्यात त्याने जाहीर केले की यापुढे कपडे फुकट मिळणार नाहीत, कामाच्या मोबदल्यात मिळतील. मुलांनी प्रथम नाके मुरडली. परंतु ज्यांनी कष्ट करून कोट मिळवला, ती मुले तो कोट जपून वापरू लागली.

या एका निरीक्षणातून 1895 साली ‘ज्युनियर रिपब्लिक’, म्हणजे मुलांचे प्रजासत्ताक, उभे राहिले. श्रमाविना काहीही नाही, हे त्याचे ब्रीद. मुले शेतात, सुतारशाळेत, स्वयंपाकघरात राबत आणि प्रजासत्ताकाच्या चलनात मजुरी घेत. त्याच चलनात जेवणाचे आणि बिछान्याचे पैसे मोजावे लागत. राहण्यासाठी स्वस्त जागा होत्या, महाग जागा होत्या. आठवडाभर टंगळमंगळ करणाऱ्याला आपली पायरी आपोआप कळे. कायदे मुलेच करीत, न्यायनिवाडाही मुलेच करीत, आणि तुरुंगदेखील होता.

मग तो प्रश्न आलाच. काही मुलांनी काम केले नाही. त्यांना सरकारी खर्चाने जेवू घालण्यात येऊ लागले आणि तो खर्च राबणाऱ्या मुलांच्या करातून भागू लागला. करदाती मुले चिडली. त्यांच्या विधिमंडळात ठराव आला आणि संमत झाला : जो काम करणार नाही त्याला अन्न नाही. पोटात कावळे ओरडू लागताच बहुतेक आळशी नागरिक कामाला लागले. जॉर्जला यात आपल्या पद्धतीचा विजय दिसला. संत पौलानेही थेस्सलनीकाकरांना असेच काहीसे बजावले होते, हे खरे. मात्र पौल प्रौढांना उद्देशून लिहीत होता. बारा वर्षांच्या पोराच्या पुढ्यातून ताट उचलण्याचा अधिकार त्याच्याच वयाच्या पोरांच्या बहुमताला द्यावा का, याविषयी माझे मन अजून निःशंक झालेले नाही.

याच विचारावर पोसलेला दुसरा अमेरिकन, होमर लेन, याने वेगळे उत्तर दिले. डेट्रॉईटजवळ मुलांच्या अशाच एका प्रजासत्ताकाचा अनुभव घेऊन तो इंग्लंडला गेला आणि 1913 मध्ये डॉर्सेट परगण्यात त्याने ‘लिटल कॉमनवेल्थ’ चालवायला घेतले. येथील मुले आणि मुली बहुतांशी न्यायालयाने पाठवलेल्या. त्या कुटुंबांसारख्या गटांनी वेगवेगळ्या घरांत राहत. मजुरी आणि चलन येथेही होते. पण एखाद्याने काम टाळले तर त्याला उपाशी ठेवले जात नसे, त्याच्या जेवणाचा भार इतरांच्या कमाईवर पडे. साहजिकच त्याला वळण लावण्याची काळजी इतरांना लागे. भुकेने जे साधायचे ते लेन सोबत्यांच्या नजरेने साधू पाहत होता. सोबत्यांची नजरही काही वेळा भुकेहून कठोर असते, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना सांगायला नको. पुढे लेनवर काही मुलींनी आरोप केले, सरकारी चौकशी झाली आणि 1918 साली ती वसाहत बंद पडली.

तिसरे उत्तर आपल्याला जवळचे वाटावे असे आहे, कारण ते एका धर्मगुरूने दिले. स्पेनच्या वायव्य भागात गॅलिसिया प्रांतातील औरेन्से या शहरात फादर हेसूस सिल्वा यांनी 1956 साली पंधरा मुलांना घेऊन मुलांचे एक नगर सुरू केले. अमेरिकेतील फादर फ्लॅनगन यांच्या ‘बॉईज टाऊन’वरील चित्रपटाचा त्यांच्यावर प्रभाव होता. पुढे बेनपोस्ता या नावाने ते नगर ओळखले जाऊ लागले. तेथे मुलांनी निवडलेला महापौर होता, बँक होती आणि ‘कोरोना’ नावाचे चलन होते (त्या काळी या शब्दाचा अर्थ मुकुट एवढाच!). बेकरी आणि इतर कार्यशाळांतील कामाचे पैसे मिळत आणि राहण्याजेवण्याचे मोजावे लागत. इथवर सारे जॉर्जसारखेच. सिल्वा यांनी एक नवी गोष्ट केली : अभ्यास हेही काम मानले. वर्गात बसून मनापासून शिकणाऱ्या मुलाला त्या तासांचे कोरोना मिळत.

बदल छोटा दिसतो, पण त्याने ताटाचा प्रश्नच हलका केला. जॉर्जच्या राज्यात अशक्त मूल कुदळ पेलू शकले नाही तर ते हरलेच. बेनपोस्तात त्याला पुस्तक घेऊन कमावता येई. शिवाय शिकणे ही आईबापांवर केलेली मेहरबानी नसून समाजाला हवे असलेले श्रम आहेत, हे मुलाच्या हाती पडलेले नाणे त्याला सांगे. यावर आक्षेप घेणारे शिक्षक मला भेटले आहेत. पैसे मिळेनासे झाले की पुस्तक मिटेल, असे ते म्हणतात. आक्षेप पोकळ नाही. परंतु हेच शिक्षक गुणवंतांना शिष्यवृत्ती देण्याच्या विरोधात नाहीत, याचीही मला गंमत वाटते.

सिल्वा यांचे नाते सर्कशीच्या एका घराण्याशी होते. 1966 पासून बेनपोस्ताची सर्कस गावोगावी आणि पुढे देशोदेशी फिरू लागली; नगराच्या उत्पन्नाचे ते एक साधन झाले. तिच्यातला मानवी मनोरा प्रसिद्ध होता : बळकट मुले खाली, दुबळी वर आणि सर्वांत लहान मूल शिखरावर. कमावणाऱ्याने न कमावणाऱ्याला खांद्यावर घ्यायचे, हे त्या मुलांना तंबूत रोज करून दाखवावे लागे.

चालू शतकाच्या आरंभी औरेन्सेचे नगर ओसरले. फादर सिल्वा 2011 साली वारले. त्या नगराची एक शाखा कोलंबियातील बोगोता शहरात 1974 मध्ये निघाली होती. हिंसाचारातून पळून आलेल्या मुलांचा सांभाळ ती पुढेही करीत राहिली आणि बेनपोस्ता हे नाव तिथे टिकून राहिले.