पंगत, रांग आणि इटलीच्या शेवया

मागच्या हिवाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या आम्ही अकरा जणी मुंबईला महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनाला गेलो होतो. सोबत शेवया, कुरडया, मुगवड्या, ज्वारीचे पापड असा माल होता. शेवटच्या दिवशी माल खपला, हातात पैसा आला, आणि आमच्यातल्या पोरींनी हट्ट धरला की एकदा तरी इटालियन हॉटेलात जेवायचं. दाराशी पाटी होती, बुफे, माणशी 599 रुपये, हवं तेवढं खा. म्हणजे आपल्याकडची निंदणाची दोन दिवसांची मजुरी. बाहेर उभं राहून बराच वेळ हिशेब केला, आणि गेलो आत.

आत जाऊन बसलो ते बसूनच राहिलो. वाटलं, कोणी वाढायला येईल. शेवटी तिथला पोरगा म्हणाला, "मावशी, ताट घ्या, तिकडे रांगेत जा, स्वतः वाढून घ्या." आम्ही उठलो. आमच्यातली सगळ्यात मोठी, सत्तरीची आजी, ती मात्र हलेना. म्हणाली, "ताट घेऊन लायनीत म्या बहात्तरले उभी राहिली होती. आता नाही राहत."

पोरींना काही कळलं नाही. म्हणून हे सांगायला हवं. 1972 च्या दुष्काळात आपल्या भागातल्या बाया खडी फोडायला, तलावाच्या कामावर गेल्या. मे 1973 मध्ये राज्यभरात जवळपास 49 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची. लेकरांना सुकडी मिळायची, ती घ्यायला भांडं घेऊन रांगेत उभं राहायचं. त्याच कामांच्या अनुभवातून पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा झाला, हे आपण बैठकीत नेहमी सांगतो. पण त्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला रांग म्हटली की काय आठवतं, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं. आमच्यातल्या एकीनं तिला ताट वाढून आणून दिलं.

तिनं काटा बाजूला ठेवला, हातानं उचललं आणि म्हणाली, "हे तं आपल्याच शेवया आहेत वं."

चूक नव्हती तिची. पास्ता डुरम जातीच्या कडक गव्हाचा करतात. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा. रवा चांगला पडतो, शेवई तुटत नाही, म्हणून आपल्या सासवा शेवयांना हाच गहू मागायच्या. इटलीतही गहू दळायचा, मळायचा, उन्हात वाळवायचा आणि वर्षभर पुरवायचा, हाच खटाटोप होता. फरक एवढाच की तिकडे त्याचे कारखाने झाले आणि आपण अजून पाटल्यावर आहोत. (मशीन घेतलं आहे आमच्या ग्रामसंघानं, पण लाइट असली तर.)

त्यावरचा तो लाल रस्सा, तोही मूळचा इटलीचा नाही. टोमॅटो, म्हणजे आपलं भेदरं, अमेरिका खंडातलं. स्पेनची जहाजं ते सोळाव्या शतकात युरोपात घेऊन गेली. इटलीतल्या लोकांनी फार दिवस ते खाल्लंच नाही, शोभेला लावलं. टोमॅटोच्या सॉसची तिथली पहिली छापील कृती 1692 ते 1694 च्या सुमारास नेपल्सच्या अंतोनियो लातिनी नावाच्या माणसाच्या पुस्तकात आली. मिरचीही त्याच खंडातली, ती आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांचा रस्सा, दोघंही पाहुणेच.

मकाही तिकडूनच आला. उत्तर इटलीच्या शेतमजुरांना मक्याचं घट्ट पीठलं, ज्याला ते पोलेंता म्हणतात, तेच तिन्ही त्रिकाळ खावं लागायचं. गहू मालकाच्या घरी जायचा. नुसत्या मक्यावर राहून त्यांना अंगाची कातडी सोलणारा आजार झाला. पेलाग्रा हे त्याचं नाव 1771 मध्ये एका इटालियन डॉक्टरनं लिहून ठेवलं. पेलाग्रा म्हणजे खरखरीत कातडी. शेकडो माणसं त्यात वेडी होऊन मेली. आज तोच पोलेंता चकचकीत भांड्यात मांडलेला असतो. आमच्या एकीनं तो भरपूर घेतला आणि मीठ मागितलं.

अशा गरिबीला कंटाळूनच 1880 ते 1915 या काळात सुमारे एक कोटी तीस लाख इटालियन माणसं देश सोडून गेली. त्यातली बरीच अमेरिकेत गेली, आणि त्यांचं खाणं तिथूनच जगभर पसरलं. 'पैसे एकदाच द्या, हवं तेवढं खा' ही पद्धतही अमेरिकेचीच. 1940 च्या दशकात लास वेगासच्या जुगारघरांनी लोक रात्रभर खेळत बसावेत म्हणून स्वस्त बुफे मांडला. भूक भागवण्यापेक्षा गिऱ्हाईक धरून ठेवणं हा त्यामागचा विचार.

मुंबईत इटालियन माणसं आली ती मात्र केटरिंग करायला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोंजिनी नावाच्या इटालियन भावांनी फोर्ट भागात धंदा मांडला. तो पुढे 1958 मध्ये खोराकीवाला कुटुंबानं घेतला. आपण वाढदिवसाला ज्या नावाचा केक आणतो, ते नाव त्यांचंच.

पण आमच्या डोक्यात घोळत राहिला तो पाव. जेवणाआधी लसूण लावलेला पाव आला, सगळ्यांनी खाल्ला, कोणी विचार केला नाही. याच मुंबईत 1849 मध्ये दादोबा पांडुरंगांनी परमहंस सभा काढली. तिच्यात शिरणाऱ्याला ख्रिश्चन भटाऱ्याचा पाव खावा लागायचा. एवढ्यावर जात जाई, म्हणून सभा गुप्त होती. सभासदांची नावं फुटली तशी ती 1860 च्या सुमारास मोडलीच. पुण्यात 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चाळीसहून अधिक मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. नावं छापली ती गोपाळराव जोशींनी, म्हणजे आनंदीबाई डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्यानं. गाव उठलं, आणि 1892 मध्ये रानड्यांनी मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतलं. त्या प्रकरणाचा घरातल्या माणसाला काय त्रास झाला, हे रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे. मिळाल्यास वाचा, ग्रंथालयात असतं.

आम्ही अकरा जणी पाच जातींच्या. एकाच भांड्यात एकच डाव घालून जेवलो. गावात परतल्यावर असंच होतं, असं म्हणायचं धाडस आम्ही करत नाही. वेगळी पंगत आमच्या आयांनी पाहिलेली आहे, आणि काही ठिकाणी ती नुसती शांतपणे वेगळी बसते.

एक गोष्ट मात्र खटकली. हवं तेवढं म्हणून ताटं भरली, अन् अर्धी टाकली. आम्हीही टाकली. बांधून नेऊ देत नाहीत. ज्या जिल्ह्यात शेगाव आहे त्या जिल्ह्याच्या आम्ही. 1878 मध्ये गजानन महाराज तिथे पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, असं पोथी सांगते. परतीच्या गाडीत कोणीच फार बोललं नाही.

गावी आल्यावर मात्र बोलणं झालं, ते दुसऱ्याच गोष्टीवर. आमचा गट लग्नाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेतो. पहाटे चारला चुली पेटतात. पंगत असो की बुफे, आधी वरपक्ष, मग गाव, मग घरची माणसं, आणि रांधणाऱ्या बायांना शेवटी तळाची भाजी, तीही दुपारी चारला. आजीच म्हणाली, "तिथं पैसे देल्ले तं पयले जेवलो. इथं रांधून उपाशी."

मग आम्ही ऑर्डरीच्या कागदावर एक अट लिहिली. नैवेद्य निघाला की रांधणाऱ्या बाया आधी गरम जेवतील, मग वाढप सुरू होईल. पहिल्याच घरच्या म्हाताऱ्या माणसाला राग आला. वऱ्हाडाआधी आचारी जेवतात का, म्हणाले. ती ऑर्डर गेली, साडेसात हजारांची. गटात दोघींनी तोंडं फिरवली, त्यांचंही खोटं नव्हतं, घर त्यावर चालतं. दुसऱ्या घरच्या बाईनं मात्र स्वतः आम्हाला पाटावर बसवून वाढलं.

येत्या वैशाखात तीन ऑर्डरी आहेत. दोघांनी अट मान्य केली आहे, तिसऱ्याचा निरोप अजून यायचा आहे.