आम्ल प्रतिवाह आणि मौखिक आरोग्य

आम्ल प्रतिवाह म्हणजे जठरातील आम्लयुक्त द्रव उलट दिशेने अन्ननलिकेत येणे. हा द्रव तोंडापर्यंत पोहोचू लागला की दातांची झीज होते आणि तोंडाच्या इतर तक्रारीही उद्भवतात. बोलीभाषेत या विकाराला ‘घशाशी येणे’, ‘आंबट पाणी येणे’ किंवा ‘पित्त होणे’ असे म्हटले जाते. काश्यपसंहिता व माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथांत ‘अम्लपित्त’ या नावाने त्याच्याशी मिळत्याजुळत्या लक्षणांचे वर्णन आढळते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मॉन्ट्रियल व्याख्येने दातांच्या झिजेचा समावेश या विकाराच्या अन्ननलिकेबाहेरील परिणामांत केला.

कारणमीमांसा

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा वर्तुळाकार स्नायू शिथिल झाल्यास आम्ल वर येते. स्थूलता, गर्भावस्था, तंबाखू व मद्य यांमुळे ही शक्यता वाढते. दाताचे बाह्य आवरण म्हणजे दंतवल्क (एनॅमल). वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. सामू सुमारे ५.५ पेक्षा कमी झाल्यास ही खनिजे विरघळू लागतात. जठररसाचा सामू साधारणतः १ ते ३ च्या दरम्यान असतो. लाळेतील बायकार्बोनेट आम्लाचे उदासिनीकरण करते. मात्र झोपेत लाळ कमी स्रवते व गिळण्याची क्रियाही मंदावते, त्यामुळे रात्रीचा प्रतिवाह दातांना अधिक हानिकारक ठरतो.

दंतक्षय आणि ही झीज या भिन्न प्रक्रिया आहेत. दंतक्षयात जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, तर येथे जठरातील आम्ल थेट दातावर क्रिया करते. म्हणून तोंडाची स्वच्छता उत्तम असलेल्या व्यक्तीचे दातही झिजू शकतात.

लक्षणे

झीज प्रामुख्याने वरच्या पुढील दातांच्या टाळूकडील पृष्ठभागावर व दाढांच्या चावण्याच्या पृष्ठभागावर दिसते. दात गुळगुळीत व चकचकीत होतात. दाढांवर खळगे पडतात आणि जुने भरण भोवतालच्या दातापेक्षा उंच राहिलेले दिसते. दंतवल्क पातळ झाल्यावर आतील दंतिनाचा पिवळसर रंग उठून दिसतो आणि थंड, गरम व गोड पदार्थांनी दात शिवशिवतात. तोंडाला आंबट वा कडू चव येणे, दुर्गंधी व जळजळ याही तक्रारी आढळतात.

निदान

काही रुग्णांना छातीत जळजळ जाणवतच नाही. अशा वेळी या विकाराची पहिली खूण दंतवैद्याच्या तपासणीत सापडू शकते. आंबट पेये, फळांचे रस व वारंवार होणाऱ्या उलट्या यांमुळेही अशीच झीज होत असल्याने आहाराची व आजारांची सविस्तर विचारपूस केली जाते. आवश्यकतेनुसार रुग्णाला जठरांत्र तज्ज्ञाकडे पाठवले जाते. तेथे दुर्बिणीद्वारे तपासणी किंवा अन्ननलिकेतील सामूचे २४ तास मापन करता येते.

उपचार व प्रतिबंध

नष्ट झालेले दंतवल्क शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. मूळ विकारावर उपचार न करता केवळ दात भरल्यास झीज सुरूच राहते. त्यामुळे दंतवैद्य व वैद्य या दोघांच्या समन्वयाची गरज असते.

आंबट पाणी तोंडात आल्यावर लगेच दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ झालेला थर ब्रशने खरवडला जातो. साध्या पाण्याने किंवा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरून सुमारे अर्धा ते एक तास थांबावे. महाराष्ट्रात दात घासण्यासाठी वापरली जाणारी मशेरी ही भाजलेल्या तंबाखूची पूड असते. त्यातील तंबाखू प्रतिवाहास पोषक ठरतो व तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. राखुंडीसारख्या खरखरीत पुडीने मऊ झालेले दात अधिक घासले जातात. याऐवजी मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी.

रात्रीचे जेवण व झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवणे, पलंगाची डोक्याकडील बाजू उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे व वजन आटोक्यात ठेवणे हे उपाय प्रतिवाह कमी करतात. आम्लनिर्मिती कमी करणारी औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दातांची तपासणी व उपचार होतात.