बंब कोणाच्या पैशाचा?

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आगीच्या बंबाची तरतूद शोधू लागले, की ती बहुधा रस्ते, गटारे आणि दिवाबत्तीच्या मागे कुठेतरी सापडते. बंब महाग असतो, आणि गावाचे नशीब बरे असेल तर बराचसा काळ नुसता उभा असतो. अशा उभ्या यंत्रावर पैसा कोणी खर्च करायचा? हा प्रश्न लंडनने जवळजवळ दोनशे वर्षे टोलवला. त्या टोलवाटोलवीचा इतिहास मला आपल्यासाठीही महत्त्वाचा वाटतो.

१६६६च्या महाआगीनंतर लंडनमध्ये आगीचा विमा सुरू झाला. विमा काढलेल्या घरावर कंपनीचा धातूचा बिल्ला लागे. भरपाईची रक्कम कमी व्हावी म्हणून कंपन्यांनी स्वतःचे बंब आणि माणसे बाळगली. दुसरीकडे, अठराव्या शतकाच्या आरंभी कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीने आखलेल्या वस्तीवर, एक मोठा आणि एक लहान बंब ठेवण्याची सक्ती केली. आगीच्या जागी पहिल्याने पोचणाऱ्या पॅरिशच्या बंबाला ३० शिलिंग इनाम होते. बंब आले, पण त्यांची दुरुस्ती, चामड्याच्या नळ्या, सराव असलेली माणसे यांचा खर्च दरसाल कोण करणार? चार्ल्स डिकन्सने ‘स्केचेस बाय बॉझ’मध्ये पॅरिशच्या बंबाची यथेच्छ टिंगल केली आहे, ती उगाच नव्हे.

१८३३ साली दहा विमा कंपन्यांनी आपापली दले एकत्र केली. एडिंबरोचे अग्निशमन दल उभारणारा जेम्स ब्रेडवुड प्रमुख झाला. ८० माणसे आणि १३ ठाणी, एवढ्या बळावर जगातल्या सर्वांत श्रीमंत शहराचे रक्षण चालले. ब्रेडवुडची माणसे विमा नसलेल्या घरांवरही पाणी मारत, लोकांचे जीवही वाचवत. पण कंपन्यांनी विमा घेतला होता तो मालमत्तेचा. म्हणून वरच्या मजल्यावर अडकलेल्यांना उतरवणाऱ्या चाकांच्या शिड्या कंपन्यांच्या हिशेबात बसत नव्हत्या. त्या शिड्या वर्गणी गोळा करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेच्या होत्या. तिची माणसे रात्री रस्त्याच्या कडेला शिडी घेऊन पहारा देत. गोदामातल्या मालासाठी कंपनीचा बंब आणि माणसाच्या जिवासाठी दानाची शिडी! पैसा कोणाचा, यावर खरेदी कशाची, हे ठरते. याहून स्पष्ट दाखला मला दुसरा माहीत नाही.

२२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील गोदामांना आग लागली. ताग, कापूस, साखर, चरबी असा माल पेटला. वितळलेली चरबी जळत थेम्सवर पसरली. मोठ्या गोदामांच्या धोक्याबद्दल आधीपासून बजावत आलेला ब्रेडवुड कोसळत्या भिंतीखाली ठार झाला. आग विझायला दोन आठवडे लागले. कंपन्यांनी विम्याचे हप्ते वाढवले आणि यापुढे दल चालवणे आमच्या आवाक्यातले नाही, असे सरकारला कळवले.

त्यातून १८६५चा कायदा आला. खर्चाचे तीन वाटेकरी ठरले. विमा कंपन्यांनी दर दहा लाख पौंडांच्या विम्यामागे ३५ पौंड द्यायचे. सरकारने आपल्या इमारतींपोटी वर्षाला १०,००० पौंड. आणि करदात्यांनी करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे अर्धा पेनी. आग विझवणे आणि ‘जीवित व मालमत्ता’ वाचवणे हे आता सार्वजनिक कर्तव्य झाले. १८६७ साली त्या धर्मादाय शिड्याही दलाकडे आल्या. मात्र अर्ध्या पेनीची मर्यादा कायद्यातच ठोकलेली होती. नवा प्रमुख कॅप्टन शॉ याला वाफेचे बंब हवे होते, ठाणी हवी होती, माणसे हवी होती. पैसा कायम तोकडा पडला.

आपल्याकडे मुंबईच्या १८८८च्या कायद्याने अग्निशमन दल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. महाराष्ट्राच्या १९६५च्या नगरपरिषद कायद्यातही आग विझवणे आणि जीवित व मालमत्ता वाचवणे हे कर्तव्यांच्या यादीत आहे. राज्याच्या २००६च्या कायद्याने इमारतींवर अग्निशमन सेवेचे शुल्क लावण्याची सोय केली. २०२३ साली केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. म्हणजे कर, शुल्क आणि सरकारी मदत हे तीन ओघ आपल्यापाशीही आहेत.

पण अनुदान एकदा येते आणि बंब पंधरा-वीस वर्षे चालवायचा असतो. त्याचा चालक, त्याचे डिझेल, त्याची नळी आणि तो मोडीत निघेल तेव्हा येणाऱ्या नव्या बंबासाठी दरसाल बाजूला टाकायची रक्कम, हे सारे गावालाच पाहावे लागते. ती रक्कम जिथे बाजूला पडत नाही, तिथे अनुदानातून आलेला नवा कोरा बंबही काही वर्षांत पॅरिशचा बंब होतो. फरक एवढाच, की त्याच्यावर हसायला डिकन्स नसतो.