तेरची खापरं आणि आजीचा गोरोबा

लहानपणी लातूरच्या घरी आजी गोरोबाकाकांची गोष्ट सांगायची. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात ते इतके गुंगले की पायाखाली आलेलं स्वतःचं लेकरूही कळलं नाही. पुढे पांडुरंगाने ते परत दिलं. कॉलेजात गेल्यावर मी तिला ऐटीत विचारलं, "आजी, पुरावा काय याला?" ती गप्प झाली. पुन्हा ती गोष्ट तिने मला कधी सांगितली नाही.

आता मी नांदेडला असतो. गेल्या दिवाळीत लातूरला गेलो होतो, तेव्हा तेरला जाऊन आलो. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं मोठं शहर आहे. हे तगर म्हणजे जुन्नर, दौलताबाद, असे बरेच तर्क झाले. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लीटने ते तेर असल्याचं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिलं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातली खापरं, मणी, मातीच्या मूर्ती डोळ्यांनी बघता येतात. गंमत म्हणजे तेर पैठणच्या नेमक्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. म्हणजे ग्रंथात दिशा चुकली, पण शहर खरं निघालं!

बायबलचंही असंच आहे. 1993 मध्ये इस्रायलमधल्या टेल दान इथे एका अरामी शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यात 'दावीदाचं घराणं' असे शब्द आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे दावीद निव्वळ कल्पना नव्हता, याला आधार मिळाला. पण त्याने गोफणीने गल्याथाला पाडलं का, हे तो दगड सांगत नाही. माती गाव सांगते, काळ सांगते, व्यापार सांगते. चमत्काराबद्दल ती 'हो'ही म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. मी मात्र आजीसमोर मातीच्या वतीने परस्पर निकाल देऊन मोकळा झालो होतो.

संग्रहालयातून निघून गोरोबाकाकांच्या समाधीपाशी बराच वेळ बसलो. आजी आता नाही.

परवा मुलीला ती गोष्ट सांगितली. तिने लगेच विचारलं, "बाबा, हे खरं आहे?"

म्हटलं, "गाव खरं, कुंभारही खरा. बाकीचं माझ्या आजीने सांगितलंय."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं. असो!