तांबट, गंगाराम चिंतामण

(अठराव्या शतकाचा उत्तरार्ध). उत्तर पेशवाईतील पुण्याचा एक चित्रकार. त्याचे आडनाव नवगिरे-तांबट असेही आढळते. पेशव्यांच्या शिकारखान्यातील प्राणी, पर्वती टेकडीवरील देवालये, कसरत करणारे पहिलवान व मुख्यतः वेरूळची शैलगृहे हे त्याच्या रेखाटनांचे व जलरंगचित्रांचे विषय होत. ही चित्रे इंग्रज वकिलाबरोबर इंग्लंडला गेल्यामुळे दीडशेहून अधिक वर्षे महाराष्ट्राच्या कलेतिहासात गंगारामला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. जेथे त्याचे नाव आले, तेथे ते बहुधा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) याचा शिष्य वा साहाय्यक म्हणूनच आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चित्रे अभ्यासकांना उपलब्ध झाली, तेव्हा या समजुतीचा फेरविचार करणे आवश्यक ठरले.

‘तांबट’ हे आडनाव तांब्या-पितळेची भांडी घडविणाऱ्या कारागिरांच्या व्यवसायाचे निदर्शक आहे. या कारागिरांची वस्ती असलेली तांबट आळी पुण्याच्या कसबा पेठेत प्रसिद्ध आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात पुणे हे सत्तेचे तसेच कलाश्रयाचेही केंद्र होते. वाड्यांच्या भिंतींवर पौराणिक प्रसंगांची चित्रे काढली जात, पोथ्या चित्रांनी सजविल्या जात, आणि त्यासाठी राजस्थानातूनही चित्रकार आणले जात. या परंपरेत रेषेचा जोम व रंगांची सपाट मांडणी यांना महत्त्व होते. छायाप्रकाश आणि यथादर्शन हे तिचे विषय नव्हते.

ईस्ट इंडिया कंपनीचा पुणे दरबारातील पहिला वकील (रेसिडेंट) चार्ल्स वॉर मॅलेट हा १७८६ मध्ये पुण्यास आला व १७९७ पर्यंत तेथे राहिला. टिपू सुलतानाविरुद्ध कंपनी, निजाम व मराठे यांच्यात १७९० मध्ये झालेल्या तहाच्या वाटाघाटी ही त्याची प्रमुख राजकीय कामगिरी होय. राजकारणाबरोबरच या प्रदेशातील प्राणी, लेणी, लोकरीती व प्राचीन वास्तू यांविषयी माहिती गोळा करण्याचा त्याला छंद होता. छायाचित्रणापूर्वीच्या त्या काळात अशी माहिती दूरच्या वाचकांस पटवून देण्यासाठी विश्वासार्ह चित्रांची गरज असे. हे काम मॅलेटने गंगारामकडे सोपविले.

पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र हे गंगारामच्या ज्ञात कृतींपैकी विशेष महत्त्वाचे आहे. त्याच्या नोंदीत नोव्हेंबर १७९० हा काळ दिलेला आहे. यूरोपात गेंड्याची प्रतिमा दीर्घकाळ आल्ब्रेक्त ड्यूररच्या १५१५ मधील काष्ठठशाने ठरविली होती. त्या ठशातील प्राणी गोव्याहून लिस्बनला पाठविलेला होता. परंतु ड्यूररने तो स्वतः पाहिला नव्हता, केवळ वर्णन व कच्चे रेखाटन यांवरून त्याने तो चितारला. गंगारामसमोर मात्र जिवंत प्राणी उभा होता. कातडीच्या घड्या आणि देहाचा भार दाखविताना प्रत्यक्ष निरीक्षण हाच त्याचा आधार होता. कसरत करणाऱ्या पहिलवानांच्या अभ्यासचित्रांतही हाच दृष्टिकोन दिसतो. तेथे व्यक्तीच्या वैभवापेक्षा शरीराची हालचाल महत्त्वाची ठरते. दरबारी व्यक्तिचित्रणात आसन, अलंकार व पदवी यांना जे स्थान असे, ते येथे स्नायू, तोल आणि साधन यांनी घेतले आहे.

वेरूळची चित्रे हे गंगारामचे सर्वांत मोठे कार्य होय. तेथील चौतीस लेण्यांत बौद्ध, हिंदू व जैन अशा तिन्ही धर्मांची शिल्पे आहेत. त्यांच्या काळाविषयी त्या वेळी निश्चित ज्ञान नव्हते. मॅलेटने स्थानिक लोकांकडून मिळविलेल्या माहितीत मुसलमान निवेदकाने लेण्यांचे वय नऊशे वर्षांच्या आसपास सांगितले, तर ब्राह्मण निवेदकाने ते सात हजार वर्षांहून अधिक असल्याचे सांगितले. अशा स्थितीत शब्दांपेक्षा चित्रांवर अधिक भिस्त ठेवणे भाग होते. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील, म्हणजे आठव्या शतकातील आहे, हे शिलालेख व ताम्रपट यांच्या अभ्यासाने पुढे ठरले. परंतु त्या अभ्यासास पुष्कळ अवकाश होता.

मॅलेटचे वेरूळवर्णन गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याला लिहिलेल्या पत्राच्या रूपात १७९४ च्या अखेरीस तयार झाले. शोअर हा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचा अध्यक्षही होता. हे वर्णन सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात १७९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासोबतची चित्रे गंगारामच्या रेखाटनांवरून ठशांत उतरविण्यात आली होती. वेरूळच्या इतक्या लेण्यांचे एकत्रित सचित्र वर्णन यूरोपीय वाचकांना प्रथमच मिळत होते. तथापि मूळ रेखाटन व छापील ठसा यांत मोठे अंतर पडले. राखाडी छटांनी दगडाला आलेला भरीवपणा कोरीव रेषांत उतरला नाही, आणि शिल्पे ठोकळेबाज भासू लागली. छापील ठशांवरूनच ज्यांनी या चित्रकाराची पारख केली, त्यांना त्याचे कसब समजणे कठीण होते.

जेम्स वेल्स हा १७९१ मध्ये मुंबईस व १७९२ मध्ये पुण्यास आला. मॅलेटच्या पुढाकाराने व सवाई माधवराव पेशवे (१७७४–९५) यांच्या आश्रयाने पुण्याच्या शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा सुरू झाली आणि तेथे वेल्सच्या मार्गदर्शनाखाली देशी चित्रकारांना पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण मिळू लागले. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे वेल्सने १७९२ मध्ये काढलेले तैलचित्र सुप्रसिद्ध असून ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. वेल्सच्या दैनंदिनीत गंगारामचा उल्लेख येतो. यथादर्शन व छायांकन या बाबतींत या सहवासाचा गंगारामला लाभ झाला असणे स्वाभाविक आहे.

परंतु कालक्रम लक्षात घेता ‘वेल्सचा शिष्य’ हे वर्णन अपुरे ठरते. गेंड्याचे चित्र १७९० मधील आहे, आणि त्या वेळी वेल्सने हिंदुस्थानात पाऊलही ठेवले नव्हते. म्हणजे प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून चित्र काढण्याची रीत गंगारामने चित्रशाळेच्या स्थापनेपूर्वीच आत्मसात केली होती. चित्रशाळेने पुण्यात एक कोरी पाटी गिरविली नाही. ज्याचा हात व डोळा आधीच तयार झाला होता, असा चित्रकार तिला तेथे लाभला. पाश्चात्त्य तंत्राचा स्वीकार हा येथे केवळ अनुकरणाचा भाग नसून एका कसलेल्या कारागिराने आपल्या साधनांत घातलेली भर होती. एका तारखेमुळे इतिहासातील क्रम असा बदलतो.

हा उपक्रम अल्पायुषी ठरला. सवाई माधवरावांचा मृत्यू ऑक्टोबर १७९५ मध्ये झाला व त्यानंतर थोड्याच आठवड्यांत वेल्सही निवर्तला. वारसाच्या वादात पुणे दरबार अडकला आणि मॅलेटने १७९७ मध्ये पुणे सोडले. इंग्लंडला परतल्यावर त्याने १७९९ मध्ये वेल्सची कन्या सुझॅना हिच्याशी विवाह केला. त्यामुळे वेल्सच्या व मॅलेटच्या संग्रहांचा परस्परसंबंध टिकून राहिला. वेल्सची वेरूळविषयक रेखाटने टॉमस डॅन्येलने १८०३ मध्ये मोठ्या ठसाचित्रांच्या रूपात प्रसिद्ध केली. मॅलेटच्या दरबारभेटीचे वेल्सने योजलेले चित्रही डॅन्येलनेच १८०५ मध्ये पूर्ण केले. या भव्य प्रकाशनांपुढे गंगारामचे काम झाकोळले गेले.

या स्थलांतराची दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सी खडकीच्या लढाईच्या वेळी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, जाळण्यात आली. ज्या शनिवारवाड्यात चित्रशाळा भरत असे, तो १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. मॅलेटने चित्रे पुण्यातच ठेवली असती, तर त्यांचा निभाव लागणे कठीणच होते. ज्या कारणाने गंगाराम स्वभूमीत विस्मरणात गेला, त्याच कारणाने त्याची चित्रे वाचली.

महाराष्ट्रात या चित्रशाळेची स्मृती इतिहाससंशोधकांनी जपली. द. ब. पारसनीस यांच्या पुण्याविषयीच्या इंग्रजी ग्रंथात (१९२१) तिची हकीकत आली आहे. तथापि शाळेची माहिती होती, पण चित्रे समोर नव्हती. ती पुढे पॉल मेलन (१९०७–९९) या अमेरिकन संग्राहकाच्या संग्रहात दाखल झाली व त्यामार्फत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आली. हे केंद्र १९७७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. मिल्ड्रेड आर्चर या ब्रिटिश विदुषीने हिंदुस्थानातील ब्रिटिश व्यक्तिचित्रणावरील आपल्या ग्रंथात (१९७९) वेल्सच्या पुण्यातील कार्याचा परामर्श घेतला. येल येथेच २०११ मध्ये भरलेल्या एका प्रदर्शनात ब्रिटिश व हिंदी चित्रकारांच्या कृती शेजारीशेजारी मांडण्यात आल्या. त्याचे संयोजन करणाऱ्या हॉली शॅफर यांनी पुढे पश्चिम भारतातील कलाव्यवहारावरील ग्रंथात (२०२२) या विषयाचा सविस्तर विचार केला. पुण्यातील अभ्यासक उदय स. कुलकर्णी यांनीही वेल्सच्या पुण्यातील कार्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी काम करणाऱ्या देशी चित्रकारांच्या कृतींना ‘कंपनी शैली’ अशी सामान्य संज्ञा लावण्यात येते. तिच्यामुळे वर्गीकरण सोपे होते, मात्र व्यक्ती लोपतात. कलकत्त्यात लेडी इंपीसाठी पक्षी व प्राणी चितारणारा पाटण्याचा शेख झैनुद्दीन याला स्वाक्षऱ्यांमुळे स्वतःची ओळख लाभली. गंगारामच्या बाबतीत ती सुटी रेखाटने, त्यांवरील नोंदी व दैनंदिनीतील उल्लेख जुळवून सिद्ध करावी लागली. आश्रयदात्याचे नाव ग्रंथावर, संयोजकाचे नाव संग्रहावर आणि गुरूचे नाव परंपरेवर राहते. प्रत्यक्ष लेण्यात बसून ज्याने स्तंभ आणि मूर्ती निरखल्या, त्याचे नाव मात्र सहज गळून पडते. ते नाव परत मिळाल्याने महाराष्ट्राच्या कलेतिहासाला एक दुवा मिळाला आहे. आधुनिक दृष्टीची सुरुवात १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेपासून मोजण्याची प्रथा आहे. तिच्या साठ-सत्तर वर्षे आधी पुण्यातील एक चित्रकार समोरची वस्तू जशी दिसते तशी उतरविण्याचा प्रश्न आपल्या परीने सोडवीत होता, याची साक्ष गंगाराम तांबटची चित्रे देतात.