अल्बममधली नावे

छायाचित्रणाचा इतिहास लिहिताना कॅमेरा, भिंग आणि रसायने यांचा विचार होतो. छायाचित्र ज्या पानावर डकवले गेले त्या पानाचा सहसा होत नाही. घरगुती छायाचित्र सुटे असते तेव्हा ते केवळ चित्र असते. अल्बममध्ये त्याला मागचे-पुढचे पान मिळते, शेजार मिळतो, खाली चार शब्द मिळतात आणि ते वाचता येऊ लागते. त्यामुळे अल्बम जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकानेही विचारावा असा आहे.

पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी याने १८५४ साली भेटकार्डाच्या आकाराच्या छायाचित्रांचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक छबी उतरवता आल्यामुळे त्या स्वस्त झाल्या आणि सगळी कार्डे एकाच मापाची असल्याने ती सरकवण्यासाठी खाचांची पाने असलेले अल्बम निघाले. १८६० मध्ये लंडनच्या मेयॉलने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाची अशी कार्डे विक्रीस काढली. मग राजघराणे आणि आपले आजी-आजोबा एकाच पुस्तकात नांदू लागले.

मुंबई ह्या शर्यतीत मागे नव्हती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ चीच. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईतून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक प्रकाशन चालवले. त्यात मूळ छायाचित्रे चिकटवलेली असत. पुढे जॉन्सनने मुंबईतील लोकसमूहांवर दोन खंड काढले (१८६३ आणि १८६६). स्टुडिओत टिपलेल्या माणसांना दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसवण्याची युक्ती त्यांत आढळते. चित्रांखालची शीर्षके मात्र बहुतेक जातीची, धर्माची किंवा धंद्याची आहेत. सरकारने काढलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांतही (१८६८ ते १८७५) दृष्टी हीच. समोर बसलेल्या बाईला स्वतःचे नाव असणार, तिला कोणीतरी आत्या किंवा वहिनी म्हणत असणार, याची दखल ह्या छापील अल्बमांना घ्यावीशी वाटली नाही.

घरच्या अल्बमने ती उणीव भरून काढली खरी, पण आपल्या पद्धतीने. ‘मोठी काकू’, ‘अण्णा’, ‘माईच्या मंगळागौरीला’ अशी टिपणे तिथे असतात. नातेवाचक शब्द हा सर्वनामासारखा असतो. बोलणारा कोण हे ठाऊक असेल तोवरच त्याला अर्थ. लिहिणारा हात गेला की मोठी काकू कोणाची, हे सांगायला कोणी उरत नाही. रोलां बार्थने ‘कॅमेरा ल्यूसिडा’मध्ये (१९८०) आईच्या बालपणीच्या एका छायाचित्रावर पानेच्या पाने लिहिली आणि ते छायाचित्र मात्र छापले नाही, कारण परक्या वाचकाला त्यात काहीच दिसणार नव्हते. आपल्या घरांत दोन पिढ्यांनंतर आपणच ते परके वाचक झालेले असतो.

मराठी घरांत आणखी एक अडचण आहे आणि ती केवळ विस्मरणाची नाही. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा असल्यामुळे एकच स्त्री माहेरच्या अल्बममध्ये एका नावाने आणि सासरच्या अल्बममध्ये दुसऱ्या नावाने राहते. मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाल्या, यमुना कुर्लेकर रमाबाई रानडे झाल्या. दोघींनी आत्मचरित्रे लिहिली म्हणून हे दुवे आपल्याला सहज सापडतात. आनंदीबाई जोशींचे उदाहरण तर थेट छायाचित्राचेच आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी त्यांचे जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्यासह छायाचित्र घेतले गेले. तिघींची नावे आणि देश चित्राखाली लिहिलेले होते म्हणून तिघीही आज ओळखता येतात. नाहीतर ‘पौर्वात्य वेषातील तीन स्त्रिया’ एवढीच नोंद उरली असती. तरीही माहेरची ‘यमुना’ त्या ओळीत नाही. ज्या स्त्रियांनी आत्मचरित्र लिहिले नाही, ज्यांच्यावर कोणी चरित्र लिहिले नाही, त्यांची दोन नावे जोडणारा एकमेव कागद बहुधा अल्बमचे पानच असते.

त्या पानाचे शत्रू अनेक. काळ्या जाड कागदाचे, कोपऱ्यांत छायाचित्रे अडकवण्याचे जुने अल्बम त्यातल्या त्यात बरे. त्यांचा कागद आम्लामुळे ठिसूळ होतो, पण छायाचित्र सुटून हातात येते. पुढे आलेल्या, चिकट पानांवर प्लास्टिकचे आवरण असलेल्या अल्बमांनी मोठे नुकसान केले. गोंद जुना झाला की छायाचित्र सोलवटल्याशिवाय निघत नाही, आणि पाठीवर लिहिलेला मजकूर जातोच. १९७० च्या दशकातील रंगीत प्रतींमधला निळसर रंग अंधारातही फिका पडतो. म्हणून त्या काळातली लग्ने आज लालसर दिसतात. कोकणच्या दमट हवेत बुरशी आणि सगळीकडेच कसर, हे निराळे सांगायला नको.

अलीकडे जुनी छायाचित्रे स्कॅन करून छापील पुस्तकाच्या रूपात नवा अल्बम करवून घेता येतो. मला त्याचा खरा गुण वाटतो तो प्रतींचा. जुना अल्बम एकच असे. वाटण्यांत तो एका भावाकडे जाई, आणि ज्यांच्या लग्नांनी त्याची निम्मी पाने भरलेली, त्या मुलींकडे काहीच येत नसे. आता चार प्रती निघू शकतात. पण स्कॅन करताना चेहरे तेवढे कापून घेतले, तारखेनुसार लावले आणि हस्ताक्षर कचरा म्हणून वगळले, तर जॉन्सनच्या खंडांसारखेच एक देखणे, अनामिकांचे पुस्तक हाती येईल. आधी प्रत्येक पान अख्खे टिपावे: रिकाम्या कोपऱ्यांसकट, खोडलेल्या शब्दांसकट. सुट्या छायाचित्रामागे मऊ पेन्सिलने लिहावे, बॉलपेनने नव्हे. नव्या पुस्तकात नात्याबरोबर पूर्ण नाव, स्त्रियांची दोन्ही नावे, आणि ही ओळख कोणी कधी सांगितली, हेही छापावे. सांगणाऱ्या बहुतेक वेळा घरातल्या म्हाताऱ्या बायका असतात. त्यांना प्रसंग विचारले जातात, स्वयंपाकाच्या कृती विचारल्या जातात. स्वतःचे माहेरचे नाव काय होते, हे पुष्कळदा कोणी विचारलेलेच नसते.